भौतिक बदल, रासायनिक बदल आणि आपला ऊस



आपल्या बहुतेकांच्या घरात सहावी, सातवी, आठवीत शिकणारं एखादं तरी पोर आहे. त्याच्या सामान्य विज्ञानाच्या अभ्यासात ‘भौतिक बदल आणि रासायनिक बदल’ हा भाग येतो. मुलं व्याख्या पाठ करतात, कागद फाडणे हा भौतिक बदल आणि कागद जाळणे हा रासायनिक बदल असं लिहितात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. आमच्या मते हा धडा शिकवायला ऊसउत्पादकाच्या घरासारखी दुसरी जागा नाही. शाळेला ज्या उदाहरणांसाठी प्रयोगशाळा लागते, ती उदाहरणं आपल्या फडात, गुऱ्हाळावर, कारखान्याच्या गव्हाणीत आणि घरच्या चुलीवर रोज घडत असतात.

दुसरी गोष्ट अशी की, हा धडा जितका पोरांच्या परीक्षेच्या उपयोगाचा, तितकाच आपल्या ऊसबिलाच्या उपयोगाचा आहे. म्हणून या अंकात ऊस विकास विभागातर्फे आम्ही तो देत आहोत. रात्री जेवणं उरकल्यावर मुलांना जवळ बसवून वाचावा. मुलं वाचतील आणि वडीलधारी ऐकतील, असं झालं तर जास्तच चांगलं.

१. दोन बदलांतला फरक

कोणताही बदल पाहिला की एकच प्रश्न विचारायचा : नवीन पदार्थ तयार झाला काय? पदार्थ तोच राहून नुसता आकार, स्थिती, जागा किंवा ओलावा बदलला, तर तो भौतिक बदल. मूळचा पदार्थ जाऊन वेगळ्या गुणाचा पदार्थ आला, तर तो रासायनिक बदल.

पुस्तकात आणखी एक खूण दिलेली असते. भौतिक बदल उलट फिरवता येतो, रासायनिक बदल सहसा येत नाही. ही खूण उपयोगाची आहे, पण पुरी नाही. चरकातून काढलेल्या उसाचा पुन्हा ऊस करता येत नाही; तरीपण चरकात घालणे हा भौतिक बदलच. रसातली साखर आधीही साखर होती, नंतरही साखरच आहे, ती फक्त चोथ्यापासून वेगळी झाली. मुलं इथे हमखास चुकतात. म्हणून ‘परत येतो का?’ हा प्रश्न दुसरा आणि ‘नवा पदार्थ झाला का?’ हा पहिला, असं त्यांच्या मनावर ठसवावं.

रंग बदलणे, वास येणे, बुडबुडे येणे, साका बसणे, उष्णता निर्माण होणे या रासायनिक बदलाच्या बाहेरच्या खुणा. पण खुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आधण उकळताना बुडबुडे येतातच, पण ती पाण्याचीच वाफ असते; नवा पदार्थ काही झालेला नसतो. उलट काही रासायनिक बदल एकही खूण न दाखवता गुपचूप होतात. आपल्या उसाचं नुकसान करणारा बदल याच जातीचा आहे. तो पुढे येईल.

२. साखर कोठे तयार होते?

‘साखर कोठे तयार होते?’ असं विचारलं तर पोरं कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवतील. खरं उत्तर आहे : उसाच्या पानात. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळं पाणी पुरवतात आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर हिरव्या पानात साखर बनते. हा अस्सल रासायनिक बदल. हवा आणि पाणी यांतून गोड पदार्थ निर्माण करणारं यंत्र माणसाच्या कोणत्याही साखर कारखान्यात नाही.

पानात झालेली साखर खाली उतरून कांड्यांत साठते. ऊस पक्व होत जातो तसतशी खालच्या कांड्यांपासून वर साखर भरत जाते. शेंड्याकडची कोवळी कांडी मात्र अजून वाढत असतात. त्यांत आपल्या दाणेदार साखरेपेक्षा ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारख्या साध्या शर्करांचं प्रमाण जास्त असतं. वाढ्याला साखरेचा उतारा पडत नाही त्याचं कारण हेच. वाढे जनावरांच्या दावणीला शोभतं, गव्हाणीत नव्हे.

३. कारखाना काय करतो?

आता मुलांना घेऊन मनातल्या मनात कारखान्यातून एक फेरी मारू.

काट्यावर वजन होऊन मोळी गव्हाणीत पडते. कोयते आणि श्रेडर उसाचा भुगा करतात, मिलचे रोलर रस पिळतात. वरून पाणी शिंपडून चोथ्यात अडकलेली साखरही विरघळवून काढली जाते. हे सारे भौतिक बदल.

उरलेला चोथा म्हणजे बगॅस बॉयलरमध्ये जळतो. हा रासायनिक बदल, कारण बगॅस जाऊन राख, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार झाला. त्याच उष्णतेनं बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते, हा भौतिक बदल. एकाच बॉयलरमध्ये भट्टीच्या बाजूला रासायनिक आणि पाण्याच्या बाजूला भौतिक, असे दोन्ही बदल शेजारी शेजारी चालतात. मुलांना हे उदाहरण फार आवडतं.

पिळलेला रस गढूळ आणि किंचित आंबट असतो. त्याचा पीएच सुमारे ५.२ ते ५.५ असतो. त्यात चुना घालतात आणि आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत गंधक जाळून मिळणारा वायूही सोडतात. चुन्याचा रसातल्या आम्लांशी व फॉस्फेटशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो व तो मळ घेऊन खाली बसतो. हा रासायनिक बदल. चुना आणखी एक मोठं काम करतो. तो रसाचा आंबटपणा मारतो. आंबट रस तसाच तापवला तर साखर फुटते. आपला गुळव्या काहिलीत चुना टाकतो तो अंदाजानं टाकतो, पण त्याचा अंदाज या शास्त्राला धरूनच असतो.

स्वच्छ रस मग आटवायचा. १०० किलो रसात साधारण १५ किलो घन पदार्थ आणि ८५ किलो पाणी धरा. त्याचा ६० ब्रिक्सचा पाक करायचा म्हणजे ७५ किलो पाणी उडवून २५ किलो पाक उरवायचा. पाणी उडणे, पाकातून साखरेचे दाणे धरणे, सेंट्रिफ्युगलमध्ये फिरवून दाणे आणि मळी वेगळी करणे, हे सारे भौतिक बदल.

साखरेचे पॅन निर्वातात का चालवतात, हेही मुलांना सांगावं. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी उष्णतेवर उकळतं. महाबळेश्वराच्या उंचीवर ते सुमारे ९५-९६ अंशांवरच उकळतं. पॅनमधली हवा ओढून घेतली की साखरेचा पाक साठ-सत्तर अंशांच्या आसपास उकळवता येतो. इतका खटाटोप कशासाठी? तर भौतिक बदल करताना रासायनिक बदल होऊ नये म्हणून. पाणी गेलं पाहिजे, पण साखर करपता कामा नये, फुटता कामा नये.

ही फेरी संपवून पाहिलं तर लक्षात येईल की, कारखान्यात साखर ‘तयार’ होत नाही. उसातली साखर तिथे फक्त वेगळी काढली जाते. कारखान्यात जे रासायनिक बदल आपण मुद्दाम घडवतो, ते मळ काढण्यासाठी आणि साखर सांभाळण्यासाठी. गव्हाणीत जेवढी साखर पडली, तिच्यापेक्षा एक दाणाही जास्त कोणताही चीफ केमिस्ट पोत्यात भरू शकत नाही.

४. घरी करायचे चार प्रयोग

चुलीजवळचे प्रयोग मोठ्या माणसानं सोबत बसूनच करावेत. उकळता पाक अंगावर पडला तर पाण्यापेक्षा वाईट भाजतो.

पहिला प्रयोग : साखर आणि पाणी. वाटीभर पाणी आणि दोन चमचे साखर एकत्र तराजूत तोलावी. साखर पाण्यात विरघळवून पुन्हा तोलावं. वजन तेवढंच भरेल. ‘साखर नाहीशी झाली’ हे म्हणणं खोटं ठरलं. हे पाणी पसरट थाळीत घालून, वर पातळ फडकं बांधून उन्हात ठेवावं. काही दिवसांनी थाळीत साखर पुन्हा दिसू लागेल. विरघळणे हा भौतिक बदल.

दुसरा प्रयोग : साखर तापवणे. जुन्या पळीत चमचाभर साखर घेऊन मंद आचेवर धरावी. ती वितळेल, पिवळी, मग तांबूस होईल, खमंग वास येईल आणि शेवटी काळा कोळसा उरेल. या कोळशात पाणी घालून हवं तेवढं ढवळलं तरी साखर परत मिळत नाही. हा रासायनिक बदल, आणि त्यानं रंग, वास, धूर अशा साऱ्या खुणा दाखवल्या.

तिसरा प्रयोग : चुन्याची निवळ. पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा. सकाळी वरचं नितळ पाणी काचेच्या पेल्यात अलगद ओतून घ्यावं. पपईच्या पानाच्या पोकळ देठानं त्यात हळूहळू फुंकावं. नितळ पाणी दुधासारखं पांढरं होईल. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा चुन्याशी संयोग होऊन खडूसारखा नवा पदार्थ तयार झाला. पाणी तोंडात ओढू नये आणि डोळ्यांत उडू देऊ नये, हे आधीच बजावावं.

चौथा प्रयोग : लिंबाचा पाक. हा सर्वांत महत्त्वाचा. दोन सारख्या पातेल्यांत एकेक वाटी साखर आणि अर्धी-अर्धी वाटी पाणी घ्यावं. एकात अर्धं लिंबू पिळावं, दुसरं तसंच ठेवावं. दोन्ही मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळून सारखेच घट्ट करावेत आणि काचेच्या बरण्यांत आठवडाभर ठेवावेत. साध्या पाकात साखरेचे खडे धरतील. लिंबू पिळलेला पाक मधासारखा चिकट राहील, त्यात खडे धरणार नाहीत किंवा अगदीच थोडे धरतील. गुलाबजामच्या पाकात घरातल्या बाया लिंबाचे थेंब टाकतात ते यासाठीच.

इथे नेमकं झालं काय? आपण जिला साखर म्हणतो तिचा प्रत्येक कण हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांची जोडी असतो. आम्ल आणि उष्णता मिळाली की पाण्याचा एक कण मध्ये शिरतो आणि जोडी फुटते. हिशेब असा : ३४२ ग्रॅम साखर आणि १८ ग्रॅम पाणी मिळून १८० ग्रॅम ग्लुकोज व १८० ग्रॅम फ्रुक्टोज. पुढचं वजन मागच्या वजनाइतकंच, पण साखर मात्र राहिली नाही.

आणि खूण कोणती दिसली? रंग जवळजवळ तोच, वास नाही, धूर नाही, साका नाही, चव गोडच. तरीसुद्धा नवा पदार्थ तयार झाला, म्हणून हा रासायनिक बदल. याला साखरेचं इन्व्हर्जन म्हणतात. मराठीत आम्ही ‘साखर फुटणे’ म्हणू.

५. तोडलेल्या उसात काय घडते?

उभ्या उसात मुळांतून पाणी येत असतं, पानांत साखर होत असते. कोयता बसला की दोन्ही बंद. त्या घटकेपासून मोळीत दोन बदल बरोबरीनं सुरू होतात.

एक भौतिक. ऊस वाळतो. पाणी हवेत जातं आणि काट्यावर वजन कमी भरतं. हे नुकसान डोळ्यांना दिसतं म्हणून आपण त्याची ओरड करतो.

दुसरा रासायनिक. उसाच्या पेशींत इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं. लिंबाच्या पाकात जे आम्लानं केलं, तेच काम हे विकर थंड, न उकळलेल्या उसात करतं. ऊस तोडल्यानंतर त्याचा जोर वाढतो आणि साखरेच्या जोड्या फुटू लागतात. भरीला कापलेल्या तोंडांतून, सोललेल्या व चिरलेल्या जागांतून जंतू आत शिरतात. त्यांतला ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू साखर खाऊन डेक्स्ट्रान हा बुळबुळीत पदार्थ आणि आम्ल तयार करतो. आम्ल वाढलं की साखर आणखी फुटते. दुधात विरजणाचा थेंब पडला की रात्रीतून सारं दूध कसं दही होतं, तशातला हा प्रकार. डेक्स्ट्रानमुळे रस चिकट होतो, गाळणं आणि दाणा धरणं जड जातं, म्हणजे उरलेली साखर काढायलाही अडचण होते.

वाळलेल्या उसावर पाणी मारलं तर वाळण्याचा वेग कमी होतो, पण फुटलेली साखर पुन्हा जुळत नाही. फुटलेल्या शर्करेचे कारखान्यात दाणे धरत नाहीत. ती मळीत जाते. भौतिक बदलानं गेलेली वस्तू आणि रासायनिक बदलानं गेलेली वस्तू यांतला फरक इथे रुपयांत कळतो.

हा बदल उष्णतेबरोबर वेग घेतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दोन दिवस पडलेला ऊस आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन दिवस पडलेला ऊस सारखे समजू नयेत. पेटवून तोडलेल्या उसाची स्थिती त्याहून वाईट. जाळानं सालीवरचा मेणाचा थर जातो, साल तडकते, रस पाझरतो आणि जंतूंना दार उघडं मिळतं. यंत्रानं तोडलेल्या उसाची लहान कांडकी होतात, म्हणजे कापलेली तोंडं कितीतरी पटीनं वाढतात. हा ऊस तर मोळीपेक्षाही लवकर गाळला गेला पाहिजे.

६. ब्रिक्सनं फसू नये

काही सभासद खिशात हातातला रिफ्रॅक्टोमीटर बाळगतात, ही चांगली गोष्ट आहे. पण शिळ्या उसाचा ब्रिक्स पाहून ‘माझ्या उसात साखर वाढली’ असं काही जण म्हणतात, तिथे गडबड आहे. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेला एकूण ऐवज. पाणी उडालं की ब्रिक्स वाढणारच. शिवाय साखर फुटली तरी तिचे तुकडे रसातच विरघळलेले असतात. वरचा हिशेब पाहा : १०० किलो साखर फुटली तर सुमारे १०५ किलो ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. म्हणजे साखर गेली तरी ब्रिक्स हटत नाही. जीभही फसते, कारण फुटलेली शर्करा गोडच असते.

खरी साखर ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत पोलॅरीमीटर लागतो. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला तर त्याची पातळी उजवीकडे वळते. साखर फुटून झालेल्या मिश्रणात फ्रुक्टोजचा डावा जोर मोठा असल्यानं ती डावीकडे वळते. उजव्याचं डावं झालं, उलटलं, म्हणून या बदलाला इन्व्हर्जन हे नाव पडलं. पोलॅरीमीटरनं मिळालेला आकडा म्हणजे पोल. पोलला ब्रिक्सनं भागून शंभरानं गुणलं की रसाची शुद्धता येते. ताज्या पक्व उसाची शुद्धता चांगली असते. ऊस शिळा होतो तसा ब्रिक्स टिकून राहतो आणि शुद्धता घसरते.

७. रुपयांचा हिशेब

२००९ पासून उसाला केंद्र शासन रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवून देतं आणि तो साखर उताऱ्याशी जोडलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये दर ठरला. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा खाली गेला तर त्याच हिशेबानं कमी, ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र आणखी कपात नाही. यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, हे आपण जाणताच.

०.१ टक्का उतारा म्हणजे टनामागे फक्त एक किलो साखर. या एका किलोची किंमत दरात टनाला ३४ रुपये ६० पैसे पडते. १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला ३,४६० रुपये. पाच लाख टन गाळप धरलं तर सर्व सभासदांचे मिळून १ कोटी ७३ लाख रुपये.

इथे नीट लक्ष द्यावं. दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, एकेकाच्या उसावर नव्हे. ज्यानं उत्तम पक्व ऊस सकाळी तोडून संध्याकाळी गाळपाला दिला, त्याच्या दरातही तीन दिवसांच्या शिळ्या उसाचा वाटा मिसळतो. सहकारात नफा वाटून घेतो तसा शिळेपणाही आपण वाटूनच घेतो. शिळा ऊस धाडणाऱ्याचं वजनही घटतं, म्हणजे तो दोनदा तोटा सोसतो. पण दुसरा तोटा तो शेजाऱ्याच्याही गळ्यात घालतो.

८. आपण काय करावे?

१. तोडणीची चिठ्ठी मिळाल्याखेरीज कोयता लावू नये. वाहन नक्की झालं की मगच तोडणी.

२. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला जावा, हे सर्वांचं उद्दिष्ट असावं. आधी तोडलेला ऊस आधी भरावा. मागचा ढीग तसाच ठेवून ताजी मोळी वर टाकू नये.

३. ऊस जमिनीलगत तोडावा. बुडख्याच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त. वाढे, पाचट आणि माती पूर्ण काढावी.

४. ऊस पेटवून तोडू नये. अपघातानं जळालाच तर त्याच दिवशी गट कार्यालयाला कळवावं, म्हणजे त्याला आधी नंबर देता येईल.

५. भरणीला उशीर होणार असेल तर मोळ्या उन्हात पसरू नयेत. सावलीत रचून पाचटानं झाकाव्यात, वर पाणी शिंपडावं. यानं साखर वाढत नाही, पण वाळणं आणि तापणं कमी होतं.

टोळी वेळेवर येत नाही, वाहन अडतं, गाडीतळावर रांग लागते, अशी सभासदांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. मिल बंद पडली तर तळावरचा ऊस शिळा होतो, त्यात शेतकऱ्याचा काही दोष नाही. गाडीतळावरचे तास कमी करणं हे कारखान्याचं काम आहे. पण कोयत्यापासून गाडी भरेपर्यंतचे तास आपल्या बांधावरचे आहेत. रसायनाला कोणाचे तास हे कळत नाही. ते दोन्हीकडचे तास एकत्र मोजतं.

९. एक अभ्यास आणि काही प्रश्न

मुलांनी एक छोटा अभ्यास करावा. एकाच बेटातले सारख्या जाडीचे सहा ऊस तोडावेत. तीन उन्हात आणि तीन सावलीत ओल्या पाचटाखाली ठेवावेत. पाच दिवस रोज एकाच वेळी वजन करून वहीत दोन रकाने भरावेत. शेवटच्या दिवशी ऊस उभे चिरून आतला रंग पाहावा, वास घ्यावा. कमी झालेलं वजन हा मुख्यतः भौतिक बदल, आंबूस वास आणि तांबूस रंग हा रासायनिक. वही शाळेत गुरुजींना दाखवावी आणि वडिलांनाही.

आता प्रश्न. मुलांनी आधी उत्तरं द्यावीत, मग खालची पाहावीत.

१. काहिलीत रस आटतो. २. तळाला गूळ करपतो. ३. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं. ४. कोयत्याला गंज चढतो. ५. पाचटाची कुट्टी करतात. ६. तीच कुट्टी शेतात कुजून खत होतं. ७. मळी आंबवून मद्यार्क करतात. ८. आंबवणातून मद्यार्क ऊर्ध्वपातनानं वेगळा काढतात.

उत्तरे : पहिला, तिसरा, पाचवा आणि आठवा मुख्यतः भौतिक. दुसरा, चौथा, सहावा आणि सातवा रासायनिक. तिसऱ्यात गूळ हवेतली ओल शोषून घेतो, एवढंच घडतं. पुढे तो आंबला तर मात्र रासायनिक बदल सुरू झाला. सातव्यात यीस्ट हा सूक्ष्म जीव १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड करतो, असा पुस्तकी हिशेब आहे. बेरीज करून पाहावी. फ्रान्सच्या लाव्हाझिए या शास्त्रज्ञानं १७८९ साली आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात पदार्थाचं एकूण वजन टिकून राहतं हा नियम सांगितला, तो साखरेच्या आंबवणीचाच हिशेब मांडून.

तो नियम आपल्या मोळीलाही लागू आहे. शिळ्या उसातली साखर हवेत उडून गेलेली नसते. तिचं दुसरं काहीतरी झालेलं असतं. वजनाचा हिशेब जुळतो, पण त्या दुसऱ्या वस्तूला साखरेचा भाव मिळत नाही. वर्षभर खत, पाणी आणि घाम घालून पानापानात जो रासायनिक बदल आपण घडवून आणला, तो दोन दिवसांच्या हलगर्जीनं उलटू द्यायचा नाही, एवढंच या धड्यातून घ्यावं.

वह्या भरलेल्या मुलांनी त्या आपापल्या गट कार्यालयात आणून दाखवाव्यात. आम्ही त्या आवडीनं पाहू आणि काही अडलं तर समजावून सांगू.

— ऊस विकास अधिकारी